ज्याने धुतलं त्याने हुंगायचं नाही

आमच्या दुकानात एकाच नियमावर अपील नाही, कारण तो सासऱ्यांनी घालून दिलाय: ज्याने धुतलं त्याने हुंगायचं नाही.

दुकान जुन्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांचं आहे. कीबोर्ड, सिंथ, ड्रम मशीन, गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर, असलं सगळं. बंद पडलेली हॉटेलं, मोडलेले वाद्यवृंद, तळघरातल्या तालमीच्या खोल्या, अशा ठिकाणांहून आम्हा दोघी जावांचे नवरे ते उचलून आणतात आणि आतल्या तारा, बटणं, बिघाड बघतात. पण जुन्या वाद्याचा खरा रोग बिघाड नसतो, वास असतो. बिघडलेलं वाद्य गिऱ्हाईक घासाघीस करून का होईना नेतं. ओलीत पडून कुबटलेलं वाद्य मात्र फुकट दिलं तरी कोणी घरात ठेवत नाही. तो वास काढायचं काम आम्हा दोघींचं.

काम दिसायला साधं आहे. नग उघडायचा, स्क्रू डबीत टाकायचे, पट्ट्या एकेक उपसून कोमट साबणपाण्यात घालायच्या आणि सावलीत वाळवायच्या, कारण उन्हात प्लास्टिक पिवळं पडतं. पट्ट्यांखाली लोकरीची एक फीत असते, तिला फेल्ट म्हणतात, ती काढून नवी लावायची. आतला पत्रा स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा. मग सगळं जोडून नग मोठ्या झाकणाच्या पेटीत ठेवायचा, भोवती कोळशाच्या पुरचुंड्या आणि खायच्या सोड्याच्या वाट्या, आणि झाकण लावून विसरून जायचं. अत्तर-बित्तर मारायचं नाही. अत्तर मारलेला कुबट वास म्हणजे पावडर लावलेला चोर, असं सासरे म्हणतात.

खरी मेख वेगळीच आहे. वास नेमका कुठे मुरलाय हे ओळखायचं असतं: पट्ट्यांत, फेल्टमध्ये, की स्पीकरमागच्या कापसात. तो कापूस काढायचा म्हणजे अर्धं वाद्य मोडावं लागतं, म्हणून उगाच कोणी त्याच्या वाटेला जात नाही. हे सगळं नग पहिल्यांदा उघडताना जो पहिला श्वास घेतो, त्यात कळतं. मग नाक सरावतं, आणि दिवसभर आम्हाला कसलाच वास येत नाही. गिऱ्हाईक दारात नाक मुरडतं आणि आम्ही विचारतो, कसला वास? आपण धुतलेल्या नगाबद्दल तर आपल्या नाकाची साक्ष धरायचीच नसते. म्हणून तो नियम.

सासरे वरच्या मजल्यावर राहतात. सकाळी चहाच्या आधी बाहेरच्या जिन्याने, मोकळ्या हवेतून खाली येतात, पेटीजवळच्या खुर्चीत बसतात, झाकण उघडायला लावतात आणि हुंगतात. पट्ट्यांच्या फटीत, मागच्या जाळीत, स्पीकरपाशी. पास झालं तर हिरवा गोल स्टिकर लावतात. नापास झालं तर एवढंच म्हणतात, "आहे अजून." त्या दोन शब्दांनी आम्ही दोघींनी जेवढं रडून घेतलंय तेवढं सासुरवासाने नाही घेतलं.

तर झालं असं की, सासऱ्यांच्या गुडघ्यांनी जिन्याशी फारकत घ्यायचं ठरवलं. उन्हाळा संपला की ते नणंदेकडे राहायला जाणार होते. मग खुर्चीत कोण बसणार? जी बसेल तिने धुवायचं नाही, वरच्या मजल्यावर राहायचं, हात कोरडे ठेवायचे, आणि दुकानाचा शेवटचा शब्द तिचा. खरं तर यात विचारायचं काही नव्हतं. जाऊबाई थोरल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की सैल होतो हेही मला माहीत नव्हतं. पहिला श्वास कसा घ्यायचा ते त्यांनीच शिकवलं: तोंड मिटून, डोळे मिटून, झाकण उचलता उचलता. त्यांच्या पहिल्या श्वासात नगाची अख्खी जन्मकुंडली असायची. "हा पलंगाखाली होता," म्हणायच्या, "आणि वर कोणीतरी सिगरेट ओढत होतं."

पण सासऱ्यांनी थोरली म्हणून त्यांचं नाव घेतलं नाही. जिचे नग नीट येतील तिला खुर्ची, एवढंच म्हणाले. आणि नेमके तेव्हापासून जाऊबाईंचे नग नापास व्हायला लागले.

एक झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. माझे मात्र पास. मला खुर्ची नको होती असं म्हणायला छान वाटलं असतं, पण खोटं कशाला बोलू, हवी होती. बारा महिने साबणपाण्यात हात घालून माझी नखं गेली होती. पण हवी असणं वेगळं आणि ढापणं वेगळं. जाऊबाईंना हा फरक पटत नव्हता. त्याच्या जरा आधी, हिवाळ्यात, त्या तापाने आठवडाभर अंथरुणाला खिळल्या होत्या आणि उठल्या त्या अशा, प्रत्येक गोष्टीत काहीतरी शोधणाऱ्या. कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्या माझ्यासमोर माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. कुठे ते सांगितलं नाही, पण बघितलं माझ्याकडे.

मग त्यांनी पेटीच्या झाकणावर दोरा लावायला सुरुवात केली. झाकण आणि पेटी यांच्यामध्ये शिवणाचा काळा दोरा चिकटवून ठेवायच्या, कोणी उघडलं तर तुटावा म्हणून. मी त्यांच्या नगावर पाणी शिंपडते असा त्यांना संशय होता. मला राग आला. रागाच्या भरात मीही माझ्या पेटीला दोरा लावला, पांढरा. दोघींच्या पेट्या अशा राखी बांधल्यासारख्या शेजारी शेजारी बसल्या होत्या, आणि दोघे भाऊ येता-जाता हसत होते. म्हणतातच, जावा जावा आणि उभा दावा. पण म्हण ऐकायला बरी, तिच्यात राहायचं म्हणजे नाकी नऊ येतात.

त्यांच्या एकेक गोष्टीतून मलाही भलतंसलतं दिसायला लागलं. हल्लीचा माल बरा येतो, असं त्या सारख्या म्हणायच्या. पूर्वीसारखा घाण नसतो, फारसं करावं लागत नाही. मला वाटायचं, हा टोमणा मला आहे, म्हणजे माझे नग पास होतात त्यात माझं काही कर्तृत्व नाही. एकदा त्यांनी मला चहा दिला तो नासक्या दुधाचा. पहिल्या घोटालाच मी कप खाली ठेवला. त्या शांतपणे आपला कप पीत होत्या, माझ्याकडे बघत. किती हा खुनशीपणा, मी मनात म्हटलं, मला छळायला स्वतःही प्यायल्या. भाजी तर अशी तिखटजाळ करायला लागल्या होत्या की मोठे दीर जेवताना रडायचे. मी नवऱ्याला सांगितलं, की या मला घराबाहेर काढायला निघाल्यात. तो म्हणाला, की दोघींच्या डोक्यातच बुरशी लागलीये. त्यावर मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

सासऱ्यांवरही संशय होताच. आमच्या नगांना रंगीत चिकटपट्टी असते, जाऊबाईंची निळी, माझी पिवळी. ओरडायचं कोणावर ते कळायला हवं, म्हणून सासऱ्यांनीच ती सुरू केली. म्हणजे हुंगण्याआधी नग कोणाचा ते त्यांना दिसतं. जाऊबाईंनी एके दिवशी गुपचूप चिकटपट्ट्या बदलल्या. माझ्या ड्रम मशीनला निळी, त्यांच्या सिंथला पिवळी. सकाळी सासरे आले, बसले, हुंगले. निळ्या पट्टीवाला पास केला. पिवळ्या पट्टीवाल्यावर नाक आखडलं आणि म्हणाले, "आहे अजून. धाकटे, तू पण आता?"

मी चक्रावले, कारण तो सिंथ माझा नव्हताच. तेव्हा जाऊबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की पट्ट्या त्यांनी बदलल्या होत्या. दुसऱ्या कोणाला यातून कळलं असतं की म्हातारा पट्टी बघत नाही, वासच बघतो. मलाही वाटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला. पण संशयाचं पोट असं भरत नाही. त्या म्हणाल्या, की म्हणजे पट्ट्या बदलल्याचं हिने पाहिलं आणि बाबांना आधीच सांगून ठेवलं. उंदराला मांजर साक्ष.

सासऱ्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि जिना चढून गेले. त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा वर मागवला.

त्याच सुमारास बाई आल्या. गाण्याच्या बाई. घरी मुलांना शिकवतात, त्यावरच त्यांचं चालतं, आणि त्यांना दम्याचा जबर विकार आहे. जिना नसूनही दुकानाच्या पायरीवर थांबून आधी श्वास घेतला, मग बोलल्या. आधी दुसरीकडून कीबोर्ड घेतला होता. आठवड्यात छाती अशी भरली की दवाखान्यात न्यावं लागलं. तो कीबोर्ड मग बाहेरच्या गॅलरीत ठेवला आणि त्या आत दाराशी उभं राहून मुलांना "वरचा सा, वरचा सा" म्हणत शिकवायच्या. वास नसलेला द्या, बाकी बटणं दोन कमी असली तरी चालतील, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. जोडलेले हात बघून मला कसंतरीच झालं. जाऊबाईंनाही झालं असावं, कारण त्या लगेच म्हणाल्या की तुमचा नग मी करणार.

मला त्यातही डाव दिसला. बाईंचा नग पास झाला की खुर्ची त्यांची, असं त्यांचं गणित असणार. पण त्यांनी केलेलं काम मी पाहिलं, आणि कामाला नावं ठेवायला जागा नव्हती. एकेक पट्टी दोनदा धुतली. फेल्ट बदललं. स्पिरिटने पत्रा असा पुसला की त्यात तोंड दिसावं. नवा कोळसा, नवा सोडा. फक्त स्पीकर त्यांनी उघडला नाही. पहिला श्वास घेतला तेव्हा मी शेजारीच होते. डोळे मिटून झाकण उचललं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "काही नाही यात. वरवरचं आहे." मला माझ्या जागेवरून काही कळणं शक्य नव्हतं, माझं नाक सकाळपासून सरावलेलं. त्यांनी सांगितलं म्हणजे वरवरचंच असणार, असं मी धरलं. त्यांच्या स्वभावावर माझा विश्वास उरला नव्हता, पण नाकावर होता.

सासऱ्यांनी हुंगलं. "आहे अजून."

पुन्हा सगळं धुतलं, पुन्हा पेटीत ठेवलं. "आहे अजून. स्पीकर बघ."

तेव्हा जाऊबाईंनी ते केलं जे आमच्या दुकानात कोणी करत नाही. सासऱ्यांच्या देखत त्या वाकल्या आणि आपणच धुतलेला नग हुंगला. पट्ट्यांत, जाळीत, स्पीकरपाशी, सावकाश. मग सरळ उभ्या राहून म्हणाल्या, की यात कणभर वास नाही. बाबा, तुम्ही खोटं बोलताय.

सासरे एवढंच म्हणाले, की ज्याने धुतलं त्याने हुंगायचं नाही. जाऊबाई म्हणाल्या, की हा नियम कोणाच्या सोयीचा आहे ते आता कळलं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तर पेटी उघडी, आत कीबोर्ड नाही, दोरा तुटलेला. हिरव्या स्टिकरांच्या गुंडाळीतला एक स्टिकर ओढून फाडलेला होता. सासरे वर झोपलेले, दोघे भाऊ माल आणायला गेलेले. मी पिशवी तशीच टाकली, वहीतला बाईंचा पत्ता पाहिला आणि त्यांच्या घराकडे निघाले. वाटेत मला जाऊबाईंचा भयंकर राग येत होता, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही होत होता, की आता त्या स्वतःच्या पायांनीच खुर्चीवरून उठल्या. तो आनंद बाईंच्या जिन्यावर संपला. वरून खोकला ऐकू येत होता, आणि तो थांबत नव्हता.

दार उघडंच होतं. छोटी खोली, भिंतीला तानपुऱ्याची खोळ, खिडकीशी मुलांच्या सतरंज्यांची चळत. कीबोर्ड टेबलावर मांडलेला, वर हिरवा स्टिकर. बाई पार त्या टोकाला खिडकीला पाठ लावून उभ्या होत्या, तोंडावर रुमाल. जाऊबाई कीबोर्डच्या शेजारी, दोन्ही हात त्यावर ठेवून उभ्या. कोणी हिसकावून नेईल म्हणून लेकराला धरतात, तशा.

मी उंबऱ्यातून पाऊल आत टाकलं आणि मला दोन वास आले. बाहेरच्या हवेतून चालत आल्यामुळे माझं नाक कोरं होतं. एक वास कीबोर्डचा. पावसाळ्यात पिळून न वाळवलेल्या फडक्याचा असतो तसा, थेट स्पीकरमधून. दुसरा वास त्याच्या शंभर पट जोरात. कोपऱ्यातल्या स्टुलावर गरम पाण्याचं पातेलं होतं आणि त्यात निलगिरीचं मलम ढवळलेलं. बाई नुकत्याच वाफारा घेत होत्या. अख्खी खोली त्या वासाने कोंदली होती, तो माझ्या नाकाच्या शेंड्यापर्यंत थंडगार चढला.

बाई खोकला आवरत मला म्हणाल्या की यांना सांगा, मला उभंही राहवत नाहीये इथे. त्या काही खोटं बोलत नव्हत्या, त्यांच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या. मी कीबोर्ड उचलायला पुढे झाले. जाऊबाई आडव्या आल्या.

"हिला विचारू नका," त्या बाईंना म्हणाल्या. "हिनेच तुम्हाला पढवलंय. आधी बाबांना, आता तुम्हाला."

"जाऊबाई, मी यांच्या घरी आयुष्यात पहिल्यांदा येतेय."

"मग हुंग. हुंग आणि सांग त्यांना. खरं सांग. वास आहे?"

मी अडकले. आहे म्हणाले असते तर तो माझा डाव ठरला असता. नाही म्हणाले असते तर त्या बाईंच्या छातीचं काय? मी काहीच बोलले नाही. माझं गप्प राहणं त्यांना कबुलीसारखं वाटलं. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि तेच वाईट होतं.

"वीस वर्षं मी हे करतेय," त्या म्हणाल्या. "मी काय वेडी आहे? या कीबोर्डला वास नाही. कीबोर्डला नाही, टेबलाला नाही, या खोलीत कसलाही वास नाही. गळ्याशपथ सांगते."

बाईंनी रुमाल खाली घेतला. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मीही पातेल्याकडेच बघत होते. वाफ अजून निघत होती. पहिल्यांदा मला वाटलं की जाऊबाई थट्टा करताहेत. मग वाटलं, हट्टाने बोलताहेत. आणि मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं तर तिथे थट्टा नव्हती, हट्ट नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं. इतक्या महिन्यांत मी जाऊबाईंबद्दल काय काय विचार केला होता, आणि त्यातला एकही खरा नव्हता.

बाई शहाण्या. त्यांनी काही विचारलं नाही. स्टुलावरची मलमाची बाटली उचलली, झाकण काढलं, खोलीच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत छातीवर हात ठेवून चालत आल्या आणि बाटली जाऊबाईंच्या नाकाखाली धरली.

जाऊबाईंनी श्वास घेतला. सवयीने, तोंड मिटून, डोळे मिटून. पुन्हा घेतला. डोळे उघडले तेव्हा त्यात पाणी आलं होतं.

"झोंबतंय," त्या म्हणाल्या. "काय आहे हे?"

"निलगिरी," बाई म्हणाल्या. "मघापासून इथे तेच आहे. तुम्ही आलात तेव्हाही होतं."

जाऊबाईंनी बाटली आपल्या हातात घेतली. वरचं लेबल वाचलं. पुन्हा हुंगली. बोट घालून मलम नाकपुडीला लावलं, तेव्हा डोळे घळाघळा वाहायला लागले, आणि त्या पाण्यातूनच त्या मान हलवत होत्या, नाही, नाही. मला त्यांना धरावंसं वाटलं. पण आम्ही दोघींनी एकमेकींना धरायची सवय केव्हाच सोडली होती, त्यामुळे मी त्यांच्या हातातली बाटली घेतली आणि झाकण लावलं, एवढंच झालं.

मग मी कीबोर्ड उचलून बाहेर जिन्यात नेला. या वेळी त्या आडव्या आल्या नाहीत. बाईंनी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मला खुणेनेच सांगितलं की मी बरी आहे, तुम्ही यांना बघा.

जिन्याच्या मधल्या वळणावर आम्ही टेकलो. कीबोर्ड दोघींच्या मध्ये उभा. खालून येणारा एक माणूस आम्हाला बघून बाजूने वर गेला. त्याच्या हातात तळलेल्या खाण्याचा पुडा होता. जाऊबाईंनी त्याच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"त्याचा वास आला तुला?"

"आला."

"कशाचा?"

"तेलाचा. कांद्याचा."

त्यांनी मान डोलावली. परीक्षेत दुसऱ्याचं उत्तर ऐकून डोलावतात तशी.

मग त्यांनी पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला. तो त्यांच्याजवळ कायम असतो. तिथेच पायरीवर कीबोर्ड पालथा घातला आणि स्पीकरची जाळी उघडायला लागल्या. त्यांचे हात अजूनही माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने चालतात. फळी सुटली तेव्हा आतला कापूस दिसला, काळपट, गठ्ठा झालेला, पिळला तर पाणी निघेल असा. माझं तोंड आपोआप फिरलं. जाऊबाई मात्र वाकून बघत होत्या, नाक अगदी जवळ नेऊन, आणि त्यांना काहीच होत नव्हतं. त्यांनी कापूस चिमटीत उचलला आणि जिन्याच्या कडेला ठेवला.

"ताप आला होता तेव्हापासून असेल," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माल चांगला यायला लागला."

मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू, कधीकधी परत वास यायला लागतो. त्या म्हणाल्या, दाखवू. कितपत खरं मानून म्हणाल्या ते कळलं नाही.

"बाबा जातील तेव्हा खुर्चीत तू बस," त्या म्हणाल्या. "तुला हवी होती ना?"

नाही म्हणायची ती वेळ होती. चारचौघींत मी म्हटलंही असतं. पण त्यांच्यापुढे खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं.

"हो. हवी होती."

"मग बस. मला राग नाही. धुवायचं मी धुईन, माझे हात आहेत." त्यांनी फळी पुन्हा जागेवर बसवली आणि एकेक स्क्रू आवळायला लागल्या. शेवटचा स्क्रू बोटांत धरून त्या थांबल्या. "फक्त एक कर. रागाने, लोभाने, दया येऊन, कशानेही, माझ्या नगाबद्दल खोटं बोलू नकोस. आहे तर आहे म्हण, नाही तर नाही म्हण. मला आता कळणार नाही."

"नाही बोलणार," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं, डोळे बारीक करून, जणू तिथेच कुठेतरी खरं-खोटं लिहिलेलं असणार. मग त्यांनी शेवटचा स्क्रू आवळला आणि कीबोर्डचं एक टोक माझ्याकडे सरकवलं.